कंडूच्या तोंडाशी

मालदीवच्या धिवेही भाषेत शार्कला ‘मियारू’ म्हणतात आणि अॅटॉलच्या कड्याला पडलेल्या खिंडीला ‘कंडू’. वाव्हू अॅटॉलच्या पूर्व कडेला एका खिंडीचं नावच मियारू कंडू आहे. तिथे तळाचा उंबरठा साधारण पंचवीस-तीस मीटरवर आहे आणि त्याच्या पुढे कडा सरळ निळ्या काळोखात उतरतो. भरतीचं पाणी समुद्राकडून आत घुसत असतं, तेव्हा या उंबरठ्यावर करड्या रंगाचे रीफ शार्क जागच्या जागी तरंगत असतात आणि त्यांची शेपटी जेमतेम हलते. त्यांच्यासमोर डायव्हर ओळीने थांबलेले असतात. प्रत्येकाचा लोखंडी आकडा मेलेल्या खडकाच्या कपारीत अडकवलेला असतो, आणि दीड-दोन मीटर दोरीच्या टोकाला माणूस पतंगासारखा ताणलेला असतो. मान जरा बाजूला वळवली की मास्क थरथरतो आणि कडेने पाणी आत येऊ पाहतं. तोंडातल्या रेग्युलेटरच्या बटणावर प्रवाहाचा दाब पडून हवा आपोआप भसाभसा सुटू लागते. प्रवास कंपन्यांच्या जाहिराती या दृश्याला ‘थरार’ म्हणतात. माझा आक्षेप नेमका त्या शब्दाला आहे. थरार म्हटलं की निसर्ग एका बाजूला, माणसाचं धाडस दुसऱ्या बाजूला आणि मध्ये झुंज, असं चित्र उभं राहतं. कंडूत झुंज नाही, आणि झुंजणाऱ्याला तिथे जागाही नाही. जो प्रवाह माणसाला घाबरवतो त्यानेच ते रीफ जोपासलेलं असतं. तिथल्या अपघातांची सुरुवात बहुतेक वेळा डायव्हर छातीच्या जोरावर त्या प्रवाहाला हरवायला निघतो तिथून होते. तेव्हा अशा जागी जाणाऱ्याची लायकी कशाने मोजायची, हा प्रश्न जाहिरातीतल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने विचारायला हवा.

आधी हे पाणी इतकं धावतं का, ते पाहू. मालदीव म्हणजे सुमारे १,२०० बेटं आणि २६ अॅटॉल, उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरहून लांब पसरलेली. अॅटॉल हा शब्दही धिवेहीतूनच जगभर गेला. शाळेच्या भूगोलात आपण त्याला कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हणायचो. हे कंकण कसं तयार होतं याचा उलगडा डार्विनने १८४२ साली केला. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या काठावरचं प्रवाळ मात्र उजेडासाठी वरवर वाढत राहतं, आणि शेवटी डोंगर नाहीसा होऊन फक्त कडं उरतं. मालदीवखालचा हा बुडालेला डोंगर आपल्या ओळखीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त केंद्रातून दख्खनचा लाव्हा ओतला गेला आणि सह्याद्रीचा काळा कातळ घडला, त्याच केंद्रावरून भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला तशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग उठत गेली. आज ते केंद्र रेयुनियन बेटाखाली धुमसतं आहे. मालदीवच्या त्या कातळावर सुमारे दोन किलोमीटर जाडीचा प्रवाळजन्य चुनखडीचा थर साचला आहे. म्हणजे भर हिंदी महासागरात, हजारो मीटर खोल पाण्यात, आडवी घातलेली ही एक लांबच लांब तटबंदी आहे, आणि मोसमी वारे जे पाणी ढकलत आणतात त्याला ती ओलांडायची तर खिंडींशिवाय वाट नाही. नदीला बंधारा घातला आणि मधल्या दोन-चार मोऱ्या उघड्या ठेवल्या, तर मोरीत पाण्याला जी ओढ लागते तीच इथे लागते.

भरती-ओहोटीने पाण्याची पातळी तिथे फार तर मीटरभर वरखाली होते. कोकणच्या किनाऱ्यापुढे ती काहीच नाही. म्हणून नुसतं भरतीचं वेळापत्रक पाहून कंडू कळत नाही. प्रवाहातला मोठा हिस्सा मोसमाचा असतो. ईशान्य मोसमाला तिथे ‘इरुवई’ म्हणतात, साधारण डिसेंबर ते एप्रिल. तेव्हा पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे चालतं, पूर्व कडेच्या खिंडींतून समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं आणि शार्क तिथे दिसतात. नैर्ऋत्य मोसम म्हणजे ‘हुळंगू’. त्यात प्रवाह फिरतो, आणि आतलं प्लवकांनी गढूळलेलं पाणी पूर्वेकडून बाहेर पडू लागल्यावर मांटा रे त्या बाजूला जमतात. मालदीवचे लोक हे सारं एका जुन्या पंचांगावर बसवत आले आहेत. वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे २७ भाग, आणि त्या भागाचं नाव ‘नकइ’. हा आपला ‘नक्षत्र’ शब्दच आहे. अस्सिधा म्हणजे अश्विनी, रोअनू म्हणजे रोहिणी, मियाहेली म्हणजे मृग, अधा म्हणजे आर्द्रा. आपल्याकडे मृग निघाला की शेतकरी पेरणीचा हिशेब मांडतो. तिथला मच्छीमार तीच नावं घेऊन समुद्र कोणत्या दिवसांत कसा वागेल ते सांगत आला. पाण्याची वेळ ओळखणं हे ज्ञान आहे, आणि ते डायव्हिंगच्या कितीतरी आधीचं आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता त्या प्रवाहाने रीफला काय मिळतं? प्रवाळ हा एका जागी रुजलेला प्राणी. त्याच्या पेशींत राहणारी शैवालं सूर्यप्रकाशावर साखर करून त्याला पोसतात, पण तेवढ्यावर भागत नाही. नत्र आणि स्फुरद मिळवायला त्याला पाण्यातून प्लवक पकडावं लागतं. साचलेल्या पाण्यात त्याच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक अतिपातळ निश्चल थर बसतो. आतला कचरा बाहेर जात नाही, बाहेरचा प्राणवायू आत येत नाही. प्रवाह जितका जोरात तितका हा थर पातळ होतो. खोल गेल्यावर उजेड कमी होत जातो आणि शैवालाची मदत आटत जाते, म्हणून पंचवीस-तीस मीटरवरच्या कंडूत बरीच भिस्त वाहत्या पाण्यावर असते. तिथल्या कपारींच्या छतांवर जांभळे, केशरी, पिवळे मऊ प्रवाळ लोंबतात. यांतल्या कित्येकांत ती शैवालं नसतातच. पाण्याने आणून दिलं तेच त्यांचं अन्न. प्रवाह थांबला की ते चुरमडून गोळा होतात आणि पाणी वाहू लागलं की फुगून फुलतात. गॉर्गोनियनचे पंखे तर प्रवाहाला बरोबर आडवे वाढतात, चाळण धरावी तसे. त्या पंख्यांपुढे अँथियास नावाचे बोटभर लांबीचे नारिंगी मासे हजारोंनी प्रवाहाकडे तोंड करून प्लवक टिपत असतात. त्यांच्यावर ट्रेव्हली टपलेले, आणि सगळ्यांच्या मागे शार्क. ही अन्नाची उतरंड त्या धावत्या पाण्यावर उभी आहे.

शार्क खिंडीच्या तोंडाशीच का थांबतात, याचं उत्तर फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा अॅटॉलवर मिळालं. तिथल्या दक्षिण खिंडीत ५०० हून अधिक करडे रीफ शार्क असतात. यानिस पापास्तामातिऊ आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या काहींवर यंत्रं बसवून त्यांच्या हालचाली मोजल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. रीफवर आदळणारं पाणी जिथे वर चढतं, नेमक्या त्याच पट्ट्यात शार्क राहतात आणि त्या चढत्या पाण्यावर स्वार होऊन दहा ते पंधरा टक्के ऊर्जा वाचवतात. सह्याद्रीच्या कड्यावर वाऱ्याच्या उसळीवर पंख न हलवता तरंगणारी घार ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. या शार्कला पोहण्यासाठी लागणारं शरीर कोट्यवधी वर्षांत घडलेलं आहे, आणि तोदेखील प्रवाहाशी भांडत नाही, प्रवाहात सोयीची जागा शोधतो.

माणसाचं शरीर मात्र या कामासाठी घडलेलं नाही, आणि इथे आकडे बोलू द्यावेत. एक नॉट वेग म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, सेकंदाला अर्धा मीटर. जमिनीवर ही रमतगमत चालण्याची गती झाली. पण पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असतं. टाकी, जॅकेट, नळ्या, फिन यांसह तरबेज डायव्हरही एक नॉटच्या आसपासच्या प्रवाहाविरुद्ध थोडाच वेळ टिकतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, आणि त्याविरुद्ध पुढे सरकायला लागणारी शक्ती आठपट. कंडूत दोन-तीन नॉटचा प्रवाह नवलाचा नसतो. म्हणजे व्यायाम करून, पोहण्याचा सराव वाढवून हे गणित जिंकता येईल, ही आशा मुळातच सोडायला हवी. पाय कितीही दणकट असले तरी आठपट दणकट कुणाचेच नसतात.

आणि हे फक्त पायांचं झालं. खोली जमेला धरली की हिशेब आणखी कठीण होतो. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, तेव्हा तीस मीटरवर चार वातावरणांचा दाब असतो आणि प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा चौपट हवा खर्च होते. बारा लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली तर तिच्यात २,४०० लिटर हवा मावते; ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायची ही रीत. उरली १,८०० लिटर. शांतपणे तरंगणारा माणूस वर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल तर खाली ऐंशी घेतो, आणि त्याला बावीस मिनिटं मिळतात. तोच माणूस प्रवाहाविरुद्ध पाय मारू लागला की त्याची गरज सहज पन्नास लिटरवर जाते, खाली ती दोनशे होते, आणि बावीस मिनिटांची नऊ उरतात. त्यातही ही सारी हवा तीस मीटरवरच संपवून चालत नाही. वर येताना स्वतःला लागते आणि जोडीदारावर प्रसंग आला तर त्यालाही. खरा अवधी नऊ मिनिटांहून कमीच. अडचण अशी की धाप लागलेल्या माणसाला घड्याळ आणि दाबमापक बघायचं भान राहत नाही.

धाप लागण्यामागेही पदार्थविज्ञान आहे, भित्रेपणा नव्हे. तीस मीटरवर हवा इतकी दाट होते की तिच्या एका लिटरचं वजन साधारण पाच ग्रॅम भरतं. दाट हवा नळीतून आणि श्वासमार्गातून ओढायला कष्ट पडतात. श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. तो रक्तात साचला की आणखी धाप लागते, घबराट वाढते आणि डोकं गुंगतं. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये डायव्हरांच्या चाचण्यांच्या आधारे शिफारस केली, की श्वसनवायूची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. साध्या हवेच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ३१ मीटरवर येते. नायट्रोजनची गुंगीही साधारण याच खोलीपासून जाणवायला लागते. फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोने तिला खोलीची धुंदी म्हटलं होतं. मालदीवच्या कायद्याने हौशी डायव्हिंगला तीस मीटरची मर्यादा घातली आहे. ती अनेकांना जाचक वाटते, पण शरीराचं गणित तिच्या अगदी शेजारी येऊन थांबतं. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त प्राणवायू असलेलं मिश्रण, वापरलं की प्रश्न सुटतो असं काही जण समजतात. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाने तीस मीटरवर थांबण्याचा वेळ खरोखर वाढतो. पण त्याची स्वतःची खोलीची मर्यादा सुमारे ३४ मीटर आहे. त्यापुढे प्राणवायूच विषारी ठरू लागतो आणि पाण्याखालीच झटका येऊ शकतो. घनता तर नायट्रॉक्सने जराही कमी होत नाही.

म्हणूनच कंडूतली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे खाली ओढणारं पाणी. ओहोटीने आतलं पाणी खिंडीतून बाहेर पडतं आणि उंबरठा ओलांडला की कड्यावरून कोसळतं, धबधब्यासारखं, फक्त पाण्यातल्या पाण्यात. तीस मीटरवरचा डायव्हर त्यात सापडला तर तो वर येतोय असं समजून पाय मारत राहतो आणि मनगटावरचा संगणक पस्तीस, अडतीस, चाळीस दाखवत जातो. त्याची चाहूल आधी लागते, बघणाऱ्याला. श्वासाचे बुडबुडे वर न जाता आडवे पसरतात किंवा चक्क खाली वळतात. मोकळ्या पाण्यातले अँथियास एकाएकी खडकाला चिकटतात आणि डोकी वर करून पोहू लागतात. वेतासारखं लांब, एकसरी प्रवाळ खाली झुकतं. अशा वेळी सरळ वर झेपावणं ही पहिली ऊर्मी असते आणि तीच चूक. एक तर खडकाचा आधार घेत कडेकडेने तिरकं चढायचं, नाहीतर भिंतीपासून दूर, निळ्या पाण्यात आडवं निघून जायचं. ही ओढ भिंतीलगत सर्वाधिक असते आणि काही अंतरावर सैल होते. जॅकेटमध्ये हवा भरावी लागली तरी हात सोडण्याच्या नळीवर ठेवायचा, कारण पाणी सुटलं की तीच हवा फुगून माणसाला बाटलीच्या बुचासारखं वर फेकते, आणि भरधाव वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना इजा होते, रक्तात बुडबुडे धरतात. यातली एकही कृती ताकदीची नाही.

मग तिथले चांगले गाईड काय करतात? ते पाण्याची दिशा आधी पाहतात. पाणी आत येत असेल तरच खिंडीत उतरतात, कारण आत येणाऱ्या पाण्यात सुटलेला माणूस शेवटी अॅटॉलच्या आतल्या शांत पाण्यात पोचतो. बाहेर जाणाऱ्या पाण्यात सुटला तर पुढे फक्त महासागर. उडी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, जॅकेट पूर्ण रिकामं ठेवून, सगळे एकदम, थेट खाली. पृष्ठभागावर दोन मिनिटं मास्क नीट करत बसलं तर उंबरठा मागे पडतो. उंबरठ्यावर आकडा लावायचा, श्वास शांत होऊ द्यायचा, दहा-बारा मिनिटं पाहायचं, आणि आकडा सोडून पाण्याबरोबर आत वाहत जायचं, हळूहळू वर येत. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून नारिंगी बोया वर सोडायचा, म्हणजे धोनी, तिथली डायव्हरांची नाव, बरोबर तिथे येते. पूर्ण डाइव्हमध्ये पाय मारण्याचं काम नावाला असतं, आणि ते जास्त पडलं तर आखणीत चूक झाली असं समजावं.

यावर पहिला प्रश्न साहजिक आहे. प्रवाह एवढा अवघड, तर पाणी स्थिर असतानाच का जाऊ नये? नवख्याने तसंच करावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण दोन गोष्टी विसरू नयेत. स्थिर पाण्यात मऊ प्रवाळ मिटलेलं असतं, शार्क खोल किंवा दूर गेलेले असतात, आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते बहुतेक नसतंच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मोसमी प्रवाह जोरात असला की भरती-ओहोटीच्या संधीला पाणी थांबेलच याची खात्री नसते, आणि थांबलंच तर किती वेळ, हे कोष्टकात लिहिलेलं नसतं. ‘आता पाणी शांत आहे’ एवढ्या भरवशावर उतरलेला आणि प्रवाहाचं शिक्षण न घेतलेला माणूस, प्रवाह पाहून सावधपणे उतरलेल्यापेक्षा जास्त अडचणीत येतो.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा आहे. डायव्हिंगमध्ये माणसं दगावतात ती मुख्यतः हृदयविकाराने, वयाने, वाढलेल्या वजनाने. प्रवाहाला उगाच बदनाम का करायचं? यात तथ्य आहे. पीटर डेनोबल आणि सहकाऱ्यांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ हौशी डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष घात करणाऱ्या कारणांत हृदयाचा वाटा सुमारे चतुर्थांश निघाला. पण त्यांनी आणखी एक पायरी मागे जाऊन पाहिलं: साखळीतली पहिली कडी कोणती? जिथे ती ओळखता आली त्यांतल्या ४१ टक्के प्रसंगांत ती हवा संपणं ही होती. वरचं नऊ मिनिटांचं गणित इथे पुन्हा आठवावं. शिवाय हृदय आणि प्रवाह ही वेगवेगळी खाती नाहीत. जिन्याचे तीन मजले चढताना छातीत भरून येणाऱ्या माणसाला दाट हवेत, थंड पाण्यात, आठपट श्रमाला जुंपणारा प्रवाहच असतो. मृत्यूच्या दाखल्यावर त्याची नोंद होत नाही, इतकंच.

तिसरं म्हणणं मला सगळ्यात धोकादायक वाटतं, कारण ते समजूतदार भासतं: स्थानिक गाईड सोबत असतो, त्याला सगळं ठाऊक असतं, आपण त्याच्या मागे जावं. गाईडवर विश्वास हवाच, पण तो आपल्या वाट्याचा श्वास घेऊ शकत नाही, आणि दोन नॉटच्या पाण्यात हात सुटला की अर्ध्या मिनिटात सुमारे तीस मीटरचं अंतर पडतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळच्या नुसा लेंबोंगानपाशी सात जपानी महिला डायव्हर वाहून गेल्या. त्यांत अनुभवी प्रशिक्षकही होत्या. पाच जणी काही दिवसांनी वाचल्या, दोघींचा मृत्यू झाला. जून २००८ मध्ये कोमोडोच्या समुद्रात पाच युरोपीय डायव्हर असेच वाहत गेले आणि दोन रात्रींनंतर रिंचा बेटाच्या किनाऱ्यावर सापडले. तिथे त्यांना कोमोडो ड्रॅगनला दगड मारून हुसकवावं लागलं. या दोन्ही घटनांतून एक गोष्ट निघते. लाटांतून बाहेर आलेलं माणसाचं डोकं नावेवरून नारळाएवढंही दिसत नाही, आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा बोया, शिटी आणि आरसा असायला हवा. गाईडकडे आहे हे उत्तर पुरत नाही. तो बोया पाण्याखालून सोडण्याचा सराव नसेल तर तोही नुसता खिशातला कपडा.

शेवटचा आक्षेप निसर्गाच्या बाजूने येतो आणि त्याला मी सर्वाधिक मान देतो. इतक्या नाजूक जागी आकडे रोवून माणसांनी लटकावंच कशाला? १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा मालदीवचं उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ मेलं, २०१६ मध्ये पुन्हा मोठा तडाखा बसला. अशा रीफवर आणखी घाव कशाला? आकडा जिवंत प्रवाळात रुतवणाऱ्याला पाण्याबाहेर काढावं, यात शंका नाही. पण मेलेल्या खडकात लावलेला एक आकडा, घाबरून दहा बोटांनी आणि दोन गुडघ्यांनी धरलेल्या आधारापेक्षा कितीतरी सौम्य असतो. आणि डायव्हर आलेच नसते तर या खिंडीत शार्क उरले असते का, याचा हिशेब झालेला आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स अँडरसन आणि एच. अहमद यांनी मालदीवमध्येच तो मांडला: मारून विकलेल्या करड्या शार्कचे मच्छीमाराला सुमारे ३२ डॉलर मिळत, तर डाइव्हच्या जागी जिवंत असलेला तोच शार्क वर्षाला सुमारे ३,३०० डॉलर मिळवून देई. २०१० मध्ये मालदीवने आपल्या सगळ्या समुद्रात शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. पर्यटन हे त्यामागचं एकमेव कारण नसेल, पण ते नसतं तर ही बंदी टिकली असती असं मला वाटत नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका राहिलेला नाही. तारकर्लीला किंवा मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जाऊन आलेले लोक आता घरोघरी आहेत, आणि त्यांतले कितीतरी पुढे अंदमान-मालदीवची तिकिटं काढतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे. त्याचा माथाच वीस मीटरच्या आसपास आणि चहूकडे मोकळा समुद्र. उद्या तिथेही पर्यटक न्यायची भाषा होईल. तारकर्लीची डाइव्ह आणि कंडूची डाइव्ह यांत फरक किती, ते प्रमाणपत्रांवरूनही दिसतं: पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, पुढच्याची ३०. पण ती खोलीची मर्यादा आहे. प्रवाहातले तास ती मोजत नाही. शांत पाण्यातल्या शंभर बुड्या झालेल्याला उंबरठ्यावर आकडा लावायला जमेलच असं नाही, आणि वीस बुड्यांचा माणूस उतरत्या बुडबुड्यांकडे नजर ठेवून वेळेवर बाजूला झाला तर तो त्या जागेला लायक. पैसे भरण्याआधी कंपनीला हवामान, जेवण, राहण्याची खोली यांबद्दल भरपूर विचारलं जातं. विचारावा असा प्रश्न एकच: पाणी उलटं असलं आणि डाइव्ह रद्द केली, तर पैशांचं काय? ज्याला रद्द करण्याचा भुर्दंड पडतो, तो गाईड रद्द करायला कचरतो.

चांगल्या नावेवर सकाळ अशी जाते. धोनी खिंडीच्या तोंडाशी येऊन इंजिन मंद करते. सगळे तयार बसलेले असतात, टाक्या पाठीवर, फिन पायात. गाईड एकटाच मास्क लावून उतरतो, काही मीटर खाली जातो, हात सोडून पाण्याला स्वतःला नेऊ देतो आणि कोणत्या बाजूला नेलं ते पाहतो. दोन मिनिटांनी वर येऊन कठड्याला धरतो. पाणी बाहेर चाललं असेल तर तो मान हलवतो, शिडी चढतो, आणि धोनी वळून अॅटॉलच्या आतल्या एखाद्या गिरीकडे, उथळ खडकाकडे निघते. तिथे बारा मीटरवर कासव असतं, पांढऱ्या वाळूवर उजेडाच्या जाळ्या हलत असतात, आणि पाठीमागे कंडूत शार्क भरतीची वाट बघत असतात.